लॉकेटमधली चिठ्ठी

१८८१ साली लखनौच्या मिस एलिझाबेथ बीलबी यांना पन्नाहून बोलावणं आलं. पन्ना म्हणजे हिऱ्यांच्या खाणींचं, बुंदेलखंडातलं छोटं संस्थान. तिथली महाराणी आजारी होती, आणि पडद्यामुळे पुरुष डॉक्टर तिच्या अंगाला हात लावू शकत नव्हता. बीलबीबाई जनाना मिशनच्या. त्या गेल्या, उपचार केले, राणी बरी झाली. निघताना राणीने त्यांच्यावर एक काम सोपवलं. हिंदुस्थानातल्या बायका आजारी पडल्या की काय भोगतात, हे विलायतेच्या राणीच्या कानावर घालायचं. निरोप लिहायचा तो बारीक अक्षरात, लॉकेटमध्ये मावेल असा. लॉकेट गळ्यात घालून न्यायचं आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानेच पोचवायची. बीलबीबाईंनी ती पोचवली. चार वर्षांनी, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवणारा निधी उभा राहिला आणि गावोगाव ‘डफरिन’ नावाची बायकांची इस्पितळं निघाली. लखनौचं इस्पितळ आता वीरांगना अवंतीबाईंच्या नावाने आहे, पण रिक्षावाल्याला विचाराल तर तो अजून ‘डफरिन’च म्हणेल.

ही गोष्ट बरेचदा सांगितली जाते. तिचा एक धागा मात्र सुटतो. लॉकेट घेऊन गेलेल्या बीलबीबाईंकडे तेव्हा वैद्यकीय पदवी नव्हती. ती त्यांनी युरोपात परत जाऊन मिळवली आणि मग लाहोरला येऊन काम केलं. राणीवर उपचार करायला बाई हवी होती, पण तिला पदवी देण्याची तयारी फारच थोड्या विद्यापीठांची होती.

दीडशे वर्षांकडे झुकलेल्या या गोष्टीत पदवीचा प्रश्न केव्हाच मिटला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या कुठल्याही वर्गात डोकावलं तर मुली दिसतात, भरपूर दिसतात. मला कुतूहल आहे ते त्यानंतरच्या प्रवासाचं. एमबीबीएस, एमडी झाल्यावर प्रॅक्टिस न टाकता जी कॉलेजातच राहते, शिकवते, संशोधन करते, तिचं पुढे काय होतं? आपल्याकडे या वाटेला धड नावही नाही. घरात म्हणतात, ‘एवढी शिकलीस, आता स्वतःचं हॉस्पिटल टाक, मास्तरकी कसली करतेस?’ उद्याचे सगळे डॉक्टर या मास्तरकीतूनच निघतात. औषधाचा डोस किती, मुलाला लस कधी, हे ठरवणारं संशोधनही तिथेच होतं. त्या खोलीत कोण बसलंय, याचा संबंध तुमच्या-आमच्या प्रकृतीशी आहे.

हे पाहायला लखनौइतकं चांगलं गाव नाही.

मराठी माणसाला लखनौ म्हटलं की भातखंडे आठवतात. १९२६ साली त्यांनी तिथे संगीताचं कॉलेज काढलं आणि पुढे रातंजनकरांनी ते नावारूपाला आणलं. वैद्यकाचं कॉलेज त्याहून जुनं. बड्या इमामबाड्याच्या शेजारी, मच्छी भवन किल्ल्याच्या जागेवर, १९०५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९११ मध्ये पहिली तुकडी आत आली. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज. इथून निघालेला डॉक्टर आजही स्वतःला ‘जॉर्जियन’ म्हणवतो, अभिमानाने. घुमट, कमानी, जाळ्या, लांब व्हरांडे अशी स्विंटन जेकब या वास्तुरचनाकाराची ती नवाबी थाटाची इमारत. पलीकडे क्वीन मेरीज, बाळंतपणाचं रुग्णालय. राजा एकीकडे, राणी दुसरीकडे, अशी कामाची विभागणी दगडातच कोरलेली! स्त्रिया वैद्यकात आल्या त्या बाळंतपणाच्या दाराने, आणि बराच काळ त्यांची वरची खुर्चीही त्याच इमारतीत असायची. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो ही मोठ्या इमारतीतली खाती पुरुषांची.

कॉलेजचं २००२ मध्ये विद्यापीठ झालं. २००८ साली पहिल्यांदा एक स्त्री कुलगुरू झाली. डॉ. सरोज चूडामणी गोपाल या मथुरेच्या. आग्र्याला एमबीबीएस, दिल्लीच्या एम्समधून बालशल्यचिकित्सेत एमसीएच. ही पदवी मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. आयुष्याचा मोठा भाग बनारसला काढून त्या लखनौला आल्या. पुढे २०१३ साली पद्मश्री. पण मराठी वाचकाने लक्षात घ्यावी ती त्या काळची पाटी. मायावती सरकारने विद्यापीठाचं नाव बदललं होतं. सरोजजी ज्या विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या त्याचं नाव होतं छत्रपती शाहूजी महाराज मेडिकल युनिव्हर्सिटी. म्हणजे आपले कोल्हापूरचे शाहू महाराज! २०१२ मध्ये सरकार बदललं आणि पाटीवर पुन्हा किंग जॉर्ज आले.

कोल्हापूर या गोष्टीत आणखी एका वाटेने येतं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना नोकरी मिळाली होती ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून. क्षयाने त्यांना तिथे पोचू दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षांच्याही नव्हत्या. ते हॉस्पिटल आज सीपीआर म्हणून ओळखलं जातं आणि राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. ज्या खुर्चीवर आनंदीबाई बसणार होत्या, ती आज एका शिक्षणसंस्थेत आहे. ही ओळ लिहिताना मला थोडं थांबावं लागलं.

लखनौकडे परत येऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीची, म्हणजे केजीएमयूची, सूत्रं डॉ. सोनिया नित्यानंद यांच्याकडे आली. त्या खुद्द जॉर्जियन. एमबीबीएस, एमडी इथलंच, पीएचडी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून. वडील डॉ. नित्या आनंद म्हणजे ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी ज्यांच्या प्रयोगशाळेतून आली ते, लखनौच्याच सीडीआरआय या औषध-संशोधन संस्थेचे एकेकाळचे संचालक. रायबरेली रोडवर १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत, लखनौच्या भाषेत ‘पीजीआय’मध्ये, सोनियाजींनी रक्तविकारांचा विभाग उभा केला. मग लखनौच्याच लोहिया वैद्यकीय संस्थेच्या संचालक, मग कुलगुरू.

त्याच पीजीआयमध्ये आपल्या एका मराठी बाईने काम केलं, आणि तिचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नाही याची मला खंत वाटते. डॉ. शुभा फडके. नागपूरच्या सरकारी मेडिकलमधून बालरोगात एमडी करून त्या लखनौला गेल्या, तिथे मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम केलं, तिथेच राहिल्या आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. आनुवंशिक आजारांचं नीट प्रशिक्षण देशात जेमतेम रुजत होतं तो हा काळ. पहिलं मूल थॅलेसेमियाचं, दुसऱ्या वेळी दिवस गेलेत, आता काय? आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, हे समजावून सांगायचं. गर्भाची तपासणी केव्हा आणि कशी होते ते सांगायचं. आणि शेजारी बसलेल्या सासूच्या डोळ्यांतल्या ‘दोष कुणाचा?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं, की दोष कुणाचाच नाही. ही विद्या त्यांनी पिढ्यांमागून पिढ्यांना शिकवली. तिच्यावर डॉक्टरांसाठी पुस्तक लिहिलं, ‘जेनेटिक क्लिनिक्स’ हे त्रैमासिक चालवलं.

आता या तिघींकडे एकत्र पाहा. बालशल्यचिकित्सा, रक्तविज्ञान, जेनेटिक्स. तिन्ही शाखा त्या काळी नव्या. रांगेत वीस पुरुष उभे होते आणि यांना पुढे जागा मिळाली, असं झालेलं नाही. रांगच नव्हती. एम्सच्या इतिहासात हेच दिसतं. १९८४ साली डॉ. स्नेह भार्गव संचालक झाल्या. इंदिरा गांधींना गोळ्या लागलेल्या अवस्थेत आणलं त्या सकाळी संस्थेची धुरा त्यांच्या हातात होती. त्यांची शाखा क्ष-किरणांची, तीही सर्जरी-मेडिसिनच्या मानाने धाकटी. २०२१ साली नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांची शाखा मुलांच्या मूत्रपिंडविकारांची, लष्करी वैद्यकात त्यांनीच उभी केलेली. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या देशात स्त्रिया वैद्यकशिक्षणात वर गेल्या त्या बहुतेक मोकळ्या माळावर घर बांधून. जुन्या वाड्यातली खोली त्यांना क्वचितच मिळाली. भार्गवबाई १९९० साली निवृत्त झाल्यावर पुढच्या तीस वर्षांत एम्सच्या त्या खुर्चीवर दुसरी स्त्री बसली नाही.

मोकळा माळ सगळ्यांना मिळत नाही. प्रत्येकीने नवा विभाग काढायचा ही अपेक्षाही चुकीची. मग जिला साधा, नेमून दिलेला जिना चढून प्रोफेसर व्हायचंय तिचं काय?

तिच्या जिन्याचा हिशेब मांडू. अठराव्या वर्षी प्रवेश. साडेपाच वर्षं एमबीबीएस, इंटर्नशिपसह. पीजीची परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर तीन वर्षं एमडी. मग किमान एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी. त्यानंतर असिस्टंट प्रोफेसर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे तिथे चार वर्षं काढली की असोसिएट, आणखी तीन वर्षांनी प्रोफेसर. शिवाय ठरावीक शोधनिबंध, आणि त्यांत नाव पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या जागी हवं. शिवाय शिकवण्याचं आणि संशोधनपद्धतीचं प्रशिक्षण. सगळं वेळेवर झालं, एकही वर्ष वाया गेलं नाही, तरी ती प्रोफेसर होते चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी. पीजीआयसारख्या संस्थेत मध्ये ‘ॲडिशनल प्रोफेसर’ ही आणखी एक पायरी.

सत्तावीस ते पस्तीस. लग्न, बाळंतपण, दूध, शाळेचा पहिला दिवस, सासऱ्यांचं ऑपरेशन, नवऱ्याची बदली, सगळं याच आठ वर्षांत. नियम लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या घरी हे सगळं दुसरं कुणीतरी सांभाळतं, अशा माणसाच्या मापाने हा जिना बांधलाय.

कायदे आहेत. २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजा. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा. पण मेडिकल कॉलेजातली कितीतरी पदं कंत्राटी असतात आणि कायद्याची गाडी तिथेच अडते. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात पॅथॉलॉजीची सीनियर रेसिडेंट होती. तीन वर्षांचं कंत्राट ११ जून २०१७ ला संपणार. तिने १ जूनपासून प्रसूतिरजा मागितली. मिळाली, अकरा दिवसांची! कंत्राट संपलं, रजा संपली. ती न्यायाधिकरणात हरली, उच्च न्यायालयात हरली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रजेचा हक्क कंत्राटाच्या तारखेने मरत नाही, पूर्ण लाभ द्या. तोवर ज्याच्यासाठी रजा मागितली ते मूल शाळेत जाऊ लागलं असेल.

जिंकूनही तिची वर्षं गेली, हे लक्षात घ्या. रजा मंजूर होणं एक, आणि रजेनंतर तुमची जागा, तुमचा प्रकल्प, तुमचा पेपर जागेवर असणं वेगळं. पोट दिसायला लागलं की प्रकल्पावरचं नाव हळूच बदलतं. कुणी वाईटपणे करत नाही, काळजीनेच करतात: ‘तुला आता कशाला दगदग?’ मला वाटतं, या वाक्याने जितकी करिअर थांबली तितकी उघड विरोधाने थांबली नसतील.

पेपरवर नाव ही भानगड बाहेरच्याला कळत नाही. सातबाऱ्यावर नाव लागणं जितकं महत्त्वाचं, तितकं हे. पेशंट तिने गोळा केले, रात्री जागून तक्ते तिने भरले, पण पहिल्या तिघांत नाव नसेल तर बढतीच्या फायलीत तो पेपर मोजलाच जात नाही. आणि विभागप्रमुख बोलला की क्रम ठरतो.

कॅनडात यावर एक सुरेख गोष्ट नकळत घडली. तिथल्या आरोग्य-संशोधन संस्थेने अनुदानाच्या दोन पद्धती एकाच वेळी सुरू केल्या. एकीत मुख्यतः विज्ञान पाहायचं, दुसरीत मुख्यतः संशोधक कसा आहे ते. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. विज्ञान पाहिलं तिथे स्त्री-पुरुषांच्या यशात जवळजवळ फरक नव्हता, एका टक्क्याच्या आत. माणूस पाहिला तिथे तो चार टक्के झाला. म्हणजे काम तोललं तर बाई कमी पडत नाही. ‘नेतृत्वगुण’ तोलायला बसलं की पडते.

काम तोलायचंच तर लखनौत उदाहरण आहे. केजीएमयूच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शैली अवस्थी यांनी ऑक्सफर्डच्या रिचर्ड पेटो यांच्यासोबत ‘देवता’ नावाची चाचणी केली. उत्तर प्रदेशातले ७२ ब्लॉक, हजारो अंगणवाड्या, दहा लाख मुलं. दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस दिल्याने बालमृत्यू कमी होतात का, हा प्रश्न. आधीच्या अभ्यासांनी मोठा फायदा सांगितला होता. इथे तो फारच थोडा निघाला. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला गेला आणि जगभर वाद झाला, अजून होतो. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या चाचण्यांपैकी एक चौकाजवळच्या या जुन्या कॉलेजातून निघाली, आणि निबंधावर पहिलं नाव अवस्थींचं आहे.

आता एक अप्रिय पान. ९ ऑगस्ट २०२४. कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात रात्रपाळीची पीजी डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीला गेली आणि तिथे तिच्यावर बलात्कार करून तिला मारण्यात आलं. देशभरातले निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, लखनौचेही. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं. चर्चा सीसीटीव्ही आणि पहारेकऱ्यांची झाली. माझ्या डोक्यातून दुसरी गोष्ट जात नाही: ती सेमिनार हॉलमध्ये का झोपली होती? कारण ड्यूटीवरच्या बाईला पाठ टेकायला हक्काची, आतून कडी लागणारी खोली नव्हती. करिअरला आधार द्यायचा म्हणजे परिषदा भरवायच्या असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी आपल्या कॉलेजातली ड्यूटीरूम पाहून यावी. आणि तिच्याशेजारचं बाथरूम.

मग उपाय काय? इथे गोष्ट पुन्हा फिलाडेल्फियाला जाते, आणि मला ती सांगायला फार आवडते.

आनंदीबाईंचं कॉलेज १८५० साली निघालं, फक्त बायकांसाठी. बाहेर कुणी बाईला खुर्ची देत नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्च्यांसकट अख्खं कॉलेज बांधलं. पुन्हा तेच, मोकळा माळ. १९७० मध्ये तिथे मुलगेही येऊ लागले, पुढे ते दुसऱ्या कॉलेजात विलीन झालं, आज ड्रेक्सेल विद्यापीठात आहे. बायकांचं वेगळं घर गेलं, आता जुन्या वाड्यातच खोली मागायची. १९९५ साली याच संस्थेत ‘ईलॅम’ नावाचा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांतल्या वरिष्ठ स्त्री-प्राध्यापकांना अधिष्ठाता, विभागप्रमुख या पदांसाठी तयार करायचं. वर्षभराचं प्रशिक्षण, नोकरी न सोडता. बजेट वाचायला शिकायचं, भांडण मिटवायला शिकायचं, आणि स्वतःच्या कॉलेजात एक खरा बदल घडवून दाखवायचा. मुख्य म्हणजे तिच्या कॉलेजच्या अधिष्ठात्याने तिचं नाव पाठवावं लागतं आणि त्यात स्वतः गुंतावं लागतं. मला ही अट सगळ्यात शहाणी वाटते. ‘तू अर्ज कर’ म्हणणं आणि ‘मी तुझं नाव पाठवलंय’ म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ईलॅमच्या संस्थापक संचालक पेज मोराहन. २००१ मध्ये फिलाडेल्फियातच वैद्यकशिक्षकांसाठी ‘फायमर’चा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यातही त्या सह-संचालक होत्या. त्याची भारतातली पहिली शाखा २००५ साली निघाली ती परळला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये. मग लुधियाना, कोइम्बतूर. हा अभ्यासक्रम फक्त बायकांचा नाही, पुरुषही येतात. पण घडण ओळखीची: दोन वर्षं, नोकरी सांभाळून, अधूनमधून एकत्र जमायचं, बाकी काळ दुरून साथ, आणि स्वतःच्या कॉलेजात एक प्रकल्प. नोकरी, घर आणि मूल सांभाळणाऱ्या बाईला जमेल असा साचा. आनंदीबाई ज्या गावी डॉक्टर झाल्या, तिथलं शहाणपण जवळजवळ एकशेवीस वर्षांनी परळला पोचलं.

लखनौत, नागपुरात, कोल्हापुरात याची नक्कल करायला पैसा फार लागत नाही. विभागप्रमुखाने वर्षातून एकदा बसून कोणाचा पेपर कुठे अडलाय हे पाहायचं. प्रसूतिरजेवरच्या बाईचं नाव तिला विचारल्याशिवाय प्रकल्पावरून काढायचं नाही. निवड समितीवर एकच शोभेची बाई बसवायची नाही. संध्याकाळच्या सगळ्या बैठका दुपारी दोनला आणायच्या. पाळणाघर ओपीडीच्या नाही, नाइट ड्यूटीच्या वेळेप्रमाणे चालवायचं. ज्यांचं करिअर मध्येच तुटलं अशा स्त्री-संशोधकांसाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची फेलोशिप आहे, तिची जाहिरात नोटीस बोर्डावर कोपऱ्यात न लावता त्या बाईला फोन करून सांगायची. त्याऐवजी आपण आठ मार्चला गुलाबाचं फूल आणि शाल देतो. शालींचं मी काही म्हणत नाही, लखनौची चिकनकारी सुंदरच असते.

राहिला घरचा भाग, आणि तो तुमच्या-माझ्या हातात आहे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलगी, कुणाची सून मेडिकल कॉलेजात शिकवत असेल. उद्या ती म्हणेल की केईएमच्या त्या अभ्यासक्रमासाठी आठवडाभर मुंबईला राहायचंय, नाहीतर लखनौला जेनेटिक्सच्या कार्यशाळेला जायचंय. तेव्हा ‘बघू’ म्हणू नका. तारखा विचारून घ्या, आणि त्या आठवड्यात नातवाला शाळेत कोण सोडणार ते तिच्यादेखत ठरवा.